तीन दशांश स्थळांपर्यंत

बीएस्सीला गणित घेतलेल्या कुठल्याही मुलाचं प्रॅक्टिकलचं जर्नल उघडून बघा. उजव्या पानावर उद्दिष्ट, सूत्र, रीत. डाव्या पानावर, जिथे एरवी आकृत्या काढायच्या, तिथे न्यूटन-रॅफसन पद्धतीचा प्रोग्रॅम पेनाने उतरवून काढलेला असतो. कंस, स्वल्पविराम, ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा, सगळं जसंच्या तसं. आणि तळाशी ‘आउटपुट’ म्हणून एक आकडा, तोही पेनानेच. यंत्राने क्षणात काढलेलं उत्तर माणसाने हाताने लिहायचं, त्यावर सही घ्यायची, वर्षअखेरीस जर्नल सर्टिफाय करून घ्यायचं आणि एक्सटर्नल आले की त्यांच्यापुढे ठेवायचं.

या विषयाची कागदावरची नावं भारदस्त आहेत: संगणकीय गणित, संख्यात्मक विश्लेषण. मुलं ‘न्यूमेरिकल’ म्हणतात आणि वरच्या वर्गातली खालच्यांना सांगतात की हा पेपर स्कोअरिंग आहे. तसा तो आहेच. रिअल ॲनालिसिसच्या पेपरात सिद्धता सुचली नाही तर पान कोरं राहतं. इथे सूत्र पाठ असलं, कॅल्सी जवळ असला आणि आकडेमोड घाई न करता केली की गुण कुठे जात नाहीत. एस. एस. शास्त्रींचं पुस्तक किंवा जैन-अय्यंगार-जैन या त्रयीचं जाडजूड पुस्तक, त्यातली सोडवलेली उदाहरणं आणि मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एवढ्या शिदोरीवर पोरं पार होतात.

त्या प्रश्नपत्रिकांमधलं एक समीकरण फार जुनं आहे. एखाद्या संख्येच्या घनातून तिची दुप्पट वजा केली, मग आणखी पाच वजा केले, तर शून्य उरतं; ती संख्या कोणती? तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक काढा. हे उदाहरण खुद्द न्यूटनचं, १६६९ सालचं. आपली रीत समजावून सांगताना त्याने हेच घेतलं होतं, आणि साडेतीनशे वर्षांनंतरही ते आपल्याकडे पाच-सहा गुणांना विचारलं जातं. उत्तर दोनच्या आसपास असणार असा अंदाज करायचा. पहिल्या फेरीत २.१ मिळतं, दुसरीत २.०९४५६८, तिसरीत २.०९४५५१. कॅल्सीची बटणं नुसती दाबत न जाता आकड्यांकडे बघितलं तर इथे एक विलक्षण गोष्ट घडताना दिसते. २.१ हे उत्तर हजारात पाचाने चुकलेलं आहे. पुढचं लाखात दोनाहून कमी. त्याच्या पुढचं थेट नऊ दशांशांपर्यंत बिनचूक. प्रत्येक फेरीत बरोबर आलेले अंक साधारण दुप्पट होतात. न्यूटनच्या पद्धतीचं सगळं वैभव या दुपटीत आहे. उत्तरपत्रिकेत ते दिसत नाही, कारण सगळे आकडे चार दशांशांना कापून लिहायचे असतात आणि लागोपाठच्या दोन ओळी जुळल्या की खाली दुहेरी रेघ मारायची असते.

त्या थांबण्याच्या नियमाबद्दलही कुणी विचारत नाही. दोन फेऱ्यांची उत्तरं तीन दशांशांपर्यंत जुळली म्हणजे खरं उत्तरही तेच, हे कशावरून? एक अधिक अर्धा अधिक एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश, अशी बेरीज करत गेलं तर दोन हजाराव्या पदाला प्रत्येक नवी भर ०.०००५ एवढी उरते. नियमाप्रमाणे थांबायचं आणि ८.१७८ असं उत्तर द्यायचं. प्रत्यक्षात ही बेरीज कुठेच थांबत नाही, ती अनंताकडे जाते, आणि याच मुलांनी पहिल्या वर्षाला ते सिद्ध करून गुणही घेतलेले असतात. फक्त तो पेपर वेगळा होता. गंमत अशी की, संगणकावर साध्या बत्तीस बिटांच्या संख्यांनी ही बेरीज चालवली तर वीस लाखांच्या थोडं पुढे ती १५.४ वर अडून बसते आणि मग कितीही पदं घाला, हलत नाही. बेरजेच्या मानाने पद इतकं लहान झालेलं असतं की ते मिळवलं काय आणि न मिळवलं काय, यंत्राला सारखंच. गणित म्हणतं अनंत, यंत्र म्हणतं पंधरा.

उत्तर काढणं हा या विषयाचा अर्धाच भाग आहे. त्या उत्तरावर किती विसंबायचं, ते किती वेळात मिळेल आणि मुळात प्रश्नच नाजूक तर नाही ना, हा उरलेला अर्धा, आणि खरा कस तिथे लागतो. आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांत तो ‘त्रुटी’ नावाच्या पहिल्या प्रकरणात येतो. निरपेक्ष त्रुटी, सापेक्ष त्रुटी, टक्केवारीतली त्रुटी अशा व्याख्या, दोन गुणांना एक उदाहरण, आणि पुढे वर्षभर त्याचं नाव नाही.

अपवाद आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी काही प्रॅक्टिकलना मागच्या बाकावर बसलो. एका यंत्रावर दोघं, काही यंत्रं बंद, एक पंखा आवाज करणारा. सगळीकडे असते तशीच लॅब. शिकवणाऱ्या मॅडम गणिताच्याच, संगणक त्या पुढे नोकरीत असताना शिकल्या. पूर्वी या लॅबमध्ये सायलॅब चालायचं, त्याआधी मॅक्झिमा. आता पायथन आहे. पहिला प्रोग्रॅम म्हणून त्या कापरेकरांची संख्या देतात. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना हे सगळं कागद-पेन्सिलीने सापडलं होतं: कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तेच येत राहतं. सहा-सात ओळींचा प्रोग्रॅम सगळ्या चार अंकी संख्या डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तपासून टाकतो. मुलं खूश होतात. देवळाली इथून जवळ, त्याचाही थोडा अभिमान असतो.

मग मॅडम सांगतात, आता ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करा. पडद्यावर येतं ०.३०००००००००००००००४.

‘मॅडम, पायथनमध्ये बग आहे का?’ हा प्रश्न दर वर्षी येतो म्हणे. मॅडम सी भाषेत तोच हिशेब करून दाखवतात. पुरेसे अंक छापायला सांगितले की तिथेही शेवटी तो चार उभा राहतो. कापरेकरांच्या खेळात सगळ्या पूर्ण संख्या होत्या, त्या यंत्रात जशाच्या तशा बसतात. एक दशांश बसत नाही. आपल्याकडे एक तृतीयांश लिहायला घेतला की ०.३३३ करत तीन संपत नाहीत. दोनाच्या पायात एक दशांशाचं तेच होतं. यंत्र त्रेपन्न द्विमान अंकांपर्यंत लिहितं आणि पुढचं सोडून देतं. म्हणजे तुम्ही ०.१ असं टंकलंत त्या क्षणी, अजून एकही आकडेमोड व्हायची असताना, चूक आत शिरलेली असते. संख्या कशी साठवायची आणि शेवटचा अंक कसा पूर्णांकित करायचा याचे नियम १९८५ साली ठरले. त्यामागे मुख्य डोकं बर्कलीच्या विल्यम कॅहन यांचं. १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना या क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या यंत्राचं अंकगणित थोडं थोडं वेगळं असायचं, आणि एकाच प्रोग्रॅमची दोन यंत्रांवर दोन उत्तरं यायची.

पुढचा प्रयोग मला सगळ्यात आवडला, कारण त्याला बारावीपलीकडचं काही लागत नाही. क्षच्या वर्गाचं एक या बिंदूपाशी विकलज किती? दोन, हे कुणीही सांगेल. व्याख्येप्रमाणे क्षमध्ये एच एवढी लहानशी भर घालायची, वर्गात किती फरक पडला ते काढायचं आणि एचने भागायचं. एच शून्याकडे नेला की विकलज मिळतं. आता यंत्राला खरोखरच एच शून्याकडे न्यायला सांगा. एच एक दशांश घेतला की उत्तर २.१. एक शतांश घेतला की २.०१. मग २.००१. मुलं पुढचे आकडे आधीच बोलून दाखवतात, आणि काही ओळी ते बरोबर ठरतात. एच दहाचा उणे आठवा घात झाला की उत्तर १.९९९९९९९८ च्या घरात येतं, जवळजवळ दोनच. इथवर सगळं शहाण्यासारखं चाललेलं. उणे बारावा घात: २.०००१७. अरेच्चा, हे तर दुरावलं. उणे पंधरावा: २.२२. उणे सोळावा: शून्य.

लॅबमध्ये या शून्यानंतर बराच गलका होतो. बारावीपासून मनात बसलंय की एच जितका लहान तितकं बरं. आणि इथे तो फार लहान केल्याबरोबर उत्तराची वाट लागली. कारण सांगायला मॅडमना फळ्यावर दोनच ओळी लागतात. एकात दहाचा उणे सोळावा घात मिळवला तर यंत्राच्या दृष्टीने तो एकच राहतो. वर्ग एक, फरक शून्य, शून्य भागिले काहीही म्हणजे शून्य. त्याच्या अलीकडे, दोन जवळजवळ सारख्या संख्या एकमेकींतून वजा होतात तेव्हा पुढचे सगळे खरे अंक कटून जातात आणि मागे उरतो तो पूर्णांकनाचा गाळ. त्याला एचसारख्या इवल्याशा संख्येने भागलं की गाळच मोठा होऊन समोर येतो. म्हणजे एच लहान करताना सूत्राची चूक कमी होत जाते आणि यंत्राची वाढत जाते. दोन्ही जिथे साधारण सारख्या होतात, तो एच उणे आठव्या घाताच्या आसपास. यंत्राची अचूकता सोळा अंकांची, त्याच्या निम्मे आठ. हे आठ कुठून आले ते एका मुलीने स्वतःहून काढून दाखवलं, आणि बॅचमधल्या बाकीच्यांनी ते तिच्या वहीतून उतरवून घेतलं.

पूर्णांकन म्हणजे सोळाव्या अंकाची क्षुल्लक बाब असं ज्यांना वाटतं त्यांनी व्हँकूव्हरच्या शेअर बाजाराची गोष्ट ऐकावी. तिथे जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक सुरू झाला, सुरुवात १००० वरून. प्रत्येक सौद्यानंतर निर्देशांक नव्याने काढला जायचा आणि तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवला जायचा. फक्त चौथा अंक बघून वर-खाली न करता पुढचे अंक सरळ छाटले जायचे. छाटण्याने संख्या नेहमी घटते, कधी वाढत नाही. दर वेळी सरासरी अर्धा सहस्रांश जायचा, आणि हे रोज अडीच-तीन हजार वेळा व्हायचं. म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड अंक. बावीस महिन्यांनी निर्देशांक ५२४.८११ वर आलेला होता. बाजार तर काही निम्म्यावर आलेला नव्हता. नव्याने हिशेब केला तेव्हा तो १०९८.८९२ निघाला. आपल्याकडच्या प्रश्नपत्रिकेतलं ‘तीन दशांश स्थळांपर्यंत’ आणि हे तीन दशांश एकच आहेत. छाटायचे की पूर्णांकित करायचे, एवढाच काय तो फरक.

किती वेळ लागेल, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी क्रेमरचा नियम घ्यावा. आपल्याकडे तो दहावीलाच भेटतो, दोन चलांसाठी. अकरावीला तीन चलांसाठी. पोरांना तो फार आवडतो, कारण त्यात विचार करावा लागत नाही. मग वीस चलांची वीस समीकरणं असतील तर? शाळेत शिकवल्याप्रमाणे निश्चयक उलगडत गेलो तर एका निश्चयकात वीसच्या क्रमगुणिताएवढी, म्हणजे २४ वर सतरा शून्यं एवढी पदं येतात. सेकंदाला अब्ज पदं उरकणारं यंत्र घेतलं तरी एका निश्चयकाला सत्त्याहत्तर वर्षं, आणि असे निश्चयक एकवीस लागणार. सोळाशे वर्षं! गाउसच्या निरसन पद्धतीने तेच काम तीनेक हजार गुणाकारांत होतं; तुम्ही कळ दाबून बोट उचलायच्या आत. क्रेमरचा नियम चुकीचा नाही, तो सुंदर आहे, पण हिशेबाला निरुपयोगी आहे. हे वाक्य पदवीच्या वर्गात एकदा तरी कानावर पडायला हवं.

आणि निरसनही डोळे झाकून करता येत नाही. दोनच समीकरणं घ्या. पहिल्यात क्षचा सहगुणक अतिशय लहान, दहाचा उणे विसावा घात. त्यात य मिळवला की एक. दुसरं साधं: क्ष अधिक य बरोबर दोन. डोळ्यांनीच दिसतं की दोन्ही साधारण एक असणार. आता पुस्तकी क्रमाने पहिलं समीकरण दहाच्या विसाव्या घाताने गुणून दुसऱ्यातून वजा करा. दुसऱ्या समीकरणातले एक आणि दोन त्या प्रचंड संख्येत बुडून जातात. य एक येतो, ठीक. पण पहिल्या समीकरणात परत जाऊन क्ष काढला की शून्य. शून्य आणि एक यांची बेरीज दोन कशी होईल? दोन समीकरणांची अदलाबदल करून तीच रीत वापरली की दोन्ही उत्तरं एक येतात. या अदलाबदलीला पुस्तकात पिव्होटिंग म्हणतात आणि ती ‘पायरी क्रमांक दोन’ म्हणून पाठ केली जाते. ती का आहे ते कळायला हे एवढंसं उदाहरण पुरतं.

यंत्र चुकतं ते असं. पण काही वेळा यंत्राचा दोषच नसतो. लंडनजवळच्या टेडिंग्टनला नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जेम्स विल्किन्सन काम करत. ॲलन ट्युरिंगने आखलेल्या यंत्राच्या लहान आवृत्तीवर, पायलट एसवर, १९५० नंतर त्यांनी नव्या रीती तपासायला सुरुवात केली. बहुपदीची मुळं काढणारा प्रोग्रॅम पारखायला त्यांनी मुद्दाम सोपं उदाहरण घेतलं: एक ते वीस या पूर्ण संख्या जिची मुळं आहेत अशी विसाव्या घाताची बहुपदी. उत्तर आधीच माहीत. त्या बहुपदीत एक सहगुणक उणे २१० आहे. त्यात सातव्या दशांश स्थळी एवढासा फरक केला, तर वीसपैकी दहा मुळं वास्तव संख्याच राहत नाहीत, त्यांच्या संमिश्र जोड्या होतात. वीस हे मूळ २०.८ च्या पुढे सरकतं. रीत निर्दोष, यंत्र निर्दोष, पण प्रश्नच असा की त्याला जरा हात लावला की तो कोसळतो. हा आपल्या कारकिर्दीतला सगळ्यात हादरवणारा अनुभव होता, असं विल्किन्सन यांनी पुढे नोंदवलं आहे. त्यातून त्यांनी विचाराची दिशाच उलटी केली. माझं उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर, असं विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं: माझं उत्तर हे कोणत्या शेजारच्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर आहे? तो शेजारी जवळचा असेल तर रीतीला दोष देऊ नये, प्रश्नाकडे बघावं. आपल्याकडे एमएस्सीलाही हे ओझरतं येतं.

इथे विरुद्ध बाजूही मांडायला हवी. ऑक्सफर्डला पुढे अनेक वर्षं शिकवलेले निक ट्रेफेथन यांनी १९९२ साली एक छोटा लेख लिहून तक्रार केली की, संख्यात्मक विश्लेषण म्हणजे पूर्णांकनाच्या चुकांचा अभ्यास, ही समजूत या विषयाचं नुकसान करते. असल्या रटाळ विषयाकडे कोण हुशार मूल वळेल? त्यांच्या मते हा सलग, अखंड राशींच्या गणितातले प्रश्न सोडवणाऱ्या रीतींचा अभ्यास आहे. यंत्र एकही अंक न गाळणारं असतं तरी त्यातला बहुतेक भाग शिल्लक राहिला असता, कारण मुख्य झगडा लवकर पोहोचण्याचा आहे. त्यांचं म्हणणं मला पटतं. न्यूटनच्या रीतीतली ती अंकांची दुप्पट आणि क्रेमरची सोळाशे वर्षं, दोन्ही त्यांच्याच बाजूच्या साक्षी आहेत. तरी ज्या देशात छापील उत्तर आणि आपलं उत्तर जुळलं की शिक्षण झालं असं धरतात, तिथे सुरुवात चुकांपासून केलेली बरी, असं आपलं मला वाटतं.

यंत्रं आपल्याकडे नव्हती असंही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घरचा बनवलेला मोठा संगणक १९६० मध्ये तयार झाला. दोन वर्षांनी पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. पवईच्या आयआयटीत रशियन मिन्स्क आला. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. पण या यंत्रांच्या खोलीपासून तालुक्याच्या कॉलेजातल्या गणिताच्या वर्गापर्यंतचं अंतर फार राहिलं. ते थोडंफार कमी केलं ते पवईच्याच एका उपक्रमाने, तिथले केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या फॉसीने. महागड्या परवान्याच्या मॅटलॅबऐवजी फुकटचं सायलॅब वापरा, असा त्यांचा सांगावा. नामवंत पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं देशभरच्या विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घेऊन ती सगळ्यांना खुली करायची, हे त्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. पुस्तकातला आकडा आणि यंत्राचा आकडा जुळला नाही की मुलाला पहिल्यांदाच प्रश्न पडतो की चुकलं कोण. त्यांच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. लॅबमध्ये मुलं आपसांत मराठीतच बोलतात: ‘लूप फिरतोय पण कन्व्हर्ज होईना रे.’ पेपर इंग्रजीत, विचार मराठीत, चूक पायथनमध्ये.

गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीन पाहुणा आला आहे. प्रॅक्टिकलचं शीर्षक चॅटबॉटला दिलं की प्रोग्रॅम, आउटपुट, निष्कर्ष सगळं तयार. यावर काही प्राध्यापक हळहळतात, काहींनी मोबाइल बाहेर ठेवायला लावले. मॅडमनी व्हायवा बदलला. त्या मुलाला प्रोग्रॅम लिहायला सांगत नाहीत. छापलेलं एक आउटपुट हातात देतात, त्यातली एखादी ओळ संशयास्पद असते, आणि विचारतात, ‘यावर तुझा विश्वास बसतो का? नसेल तर तपासशील कसं?’ एचची ती यादीच एकदा दिली होती, क्षच्या वर्गाऐवजी साइनची. पाठ केलेल्यांची तिथे बोलती बंद होते. अर्थात विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत या प्रश्नाला वेगळा रकाना नाही.

हे शिकून पुढे कामाला कुठे लागायचं, असं पालक विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. बँका, विमा, मोटारींचे आराखडे, औषधं, सगळीकडे हे गणित आहे. पण महाराष्ट्रात सगळ्यात थेट उदाहरण पाषाणचं. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पावसाच्या अंदाजाची प्रारूपं चालतात. हवामान म्हणजे या विषयाची जुनी परीक्षा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता लुइस फ्राय रिचर्डसनने हाताने आकडेमोड करून एका जुन्या दिवसाचा सहा तासांचा अंदाज काढून पाहिला. सहाएक आठवडे लागले. उत्तर आलं की हवेचा दाब सहा तासांत १४५ हेक्टोपास्कलने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता. मूळ दोष सुरुवातीच्या निरीक्षणांतल्या असमतोलात होता, हे पुढे कळलं. रिचर्डसनने ते फसलेलं उत्तर जसंच्या तसं १९२२ च्या आपल्या पुस्तकात छापलं. आपल्या जर्नलांमध्ये फसलेलं उत्तर कधी सापडणार नाही.

सहा वर्षांनी कूरांट, फ्रिडरिक्स आणि लेवी यांनी दाखवून दिलं की, जागेचे तुकडे आणि वेळेची पायरी यांचा मेळ बसला नाही तर अशा आकडेमोडी हाताबाहेर जातात. तुकडे बारीक करायचे तर पायरीही बारीक हवी. पाषाणच्या संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये कामाला लागली, तिची जाळी सहा किलोमीटरची. आधीची बारा किलोमीटरची होती. ऐकायला नुसतं निम्मं. पण पूर्व-पश्चिम दुप्पट चौकोन, दक्षिण-उत्तर दुप्पट, आणि पायरी निम्मी म्हणून फेऱ्याही दुप्पट: उंचीचे थर तेवढेच ठेवले तरी काम आठपट. २०२४ मध्ये तिथे आलेला ‘अर्क’ हा जवळपास बारा पेटाफ्लॉप्सचा महासंगणक असल्या गुणाकारांसाठी लागतो.

पायरीचा हा नियम मॅडम एका सळईवर दाखवतात. सळईची दोन्ही टोकं बर्फात, शून्य अंशावर. मधे एका बिंदूला शंभर अंश. वेळेच्या प्रत्येक पायरीला प्रत्येक बिंदूचं नवं तापमान शेजाऱ्यांवरून काढायचं. पायरी आणि तुकड्याच्या वर्गाचं गुणोत्तर अर्धं ठेवलं तर नवं तापमान म्हणजे दोन शेजाऱ्यांची सरासरी, आणि उष्णता दोन्हीकडे नीट पसरत जाते. तेच गुणोत्तर ०.६ केलं की सूत्रात स्वतःच्या तापमानापुढे उणे चिन्ह येतं. शंभर अंशाच्या बिंदूचे पहिल्याच पायरीला उणे वीस होतात, शेजारी साठ-साठ. बर्फात टोकं असलेली सळई शून्याच्या खाली! आणखी काही पायऱ्यांत आलेख करवतीच्या दात्यांसारखा होतो आणि दाते वाढतच जातात. मग क्रँक आणि निकल्सन यांची १९४७ ची रीत लावायची; तिच्यात पायरी मोठी घेतली तरी आकडे फुगत नाहीत, मात्र दर पायरीला समीकरणांचा एक संच सोडवावा लागतो, म्हणजे पुन्हा गाउस.

हा भाग त्यांच्या बीएस्सीच्या अभ्यासक्रमात नाही. सबमिशन आटोपल्यावर, परीक्षेआधीच्या आठवड्यात, ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी मॅडम दोन दुपार तो घेतात. हजेरी लावत नाहीत. यंदा त्या बॅचला एका यंत्रावर तिघं-तिघं बसली होती, आणि बंद पडलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीचा अर्ज ऑफिसात तसाच पडून होता.